‘टू-डीजी’ची पुडी, साखर बंद आणि भाचीचा डोळा: एका मामांच्या प्रश्नाला उत्तर

देवगडकडच्या एका मामांनी विचारलंय ते थोडक्यात असं. भाची अडीच वर्षांची. उजव्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) कॅन्सर निघाला, ग्रुप ई. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळा काढायला सांगितलाय, तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. घरात कुणीतरी वाचलं की कॅन्सर साखरेवर जगतो आणि ‘टू-डीजी’ नावाच्या औषधाने उंदरांच्या डोळ्यातली अशीच गाठ लहान झाली. हे तेच कोविडच्या वेळचं पुडीतलं औषध. ते मिळवून महिनाभर द्यावं आणि तोवर ऑपरेशन पुढे ढकलावं, असं घरात चाललंय. दहा दिवसांपासून पोरीची साखर, भात, केळी बंद आहेत. जाता जाता मामांनी हेही लिहिलंय की तिला पाच महिन्यांचा धाकटा भाऊ आहे.

आधी उत्तर देते, कारणं नंतर. तारीख पुढे ढकलू नका. आणि आज रात्री तिला मऊभात द्या, वर तूप घालून.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, गेली बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. त्याआधी मुंबईत काही वर्षं लहान मुलांच्या डोळ्यांच्या गाठींवर काम केलं, त्यातलं एक वर्ष प्रयोगशाळेत गेलं. त्यामुळे तुम्ही वाचलंत ते खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. ते संशोधन खरं आहे आणि मला स्वतःला त्याबद्दल आशा वाटते. पण ते आज जिथे उभं आहे तिथून तुमच्या भाचीपर्यंतचं अंतर एका महिन्यात कापलं जाणारं नाही.

तुम्ही औषधाबद्दल विचारलंय, पण तुमच्या मनातला प्रश्न वेगळा आहे, असं मला वाटतं. एवढ्याशा पोरीचा डोळा काढायला आपण हो म्हणायचं का, की अजून एखादी वाट शिल्लक आहे? हा प्रश्न माझ्यासमोर बसून कितीतरी आईबापांनी विचारलाय.

आता, काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात आणि रिपोर्ट न बघता मी त्या सांगू शकत नाही. गाठ एका डोळ्यात आहे की दोन्ही, डोळ्याचा दाब किती आहे, आत रक्तस्राव झालाय का, गाठीचे कण डोळ्यातल्या जेलीत पसरलेत का, आणि एमआरआयमध्ये डोळ्यामागची नस कशी दिसते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ग्रुप ए ते ई अशी वर्गवारी असते. ए म्हणजे लहानशी गाठ, ई म्हणजे डोळ्याची आतली रचनाच बिघडलेली. ए-बी-सीमध्ये आणि पुष्कळदा डीमध्येही आज डोळा वाचवायचा प्रयत्न होतो. शिरेतून केमो, लेसर, गोठवण्याचं क्रायो, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन दिलेलं मेल्फालान हे केमोचं औषध, जेलीत पसरलेल्या कणांसाठी डोळ्याच्या आत इंजेक्शन. हे सगळं सिद्ध झालेलं आहे आणि भारतात होतं. तरीही तुमच्या डॉक्टरांनी काढायलाच सांगितलंय, म्हणजे त्या डोळ्यात आता नजर उरलेली नसण्याची आणि तो ठेवण्यात जिवाला धोका असण्याची शक्यता मोठी आहे. एकदा त्यांना सरळ विचारा, ‘ह्या डोळ्याने तिला आज काय दिसतं?’

आता त्या साखरेकडे येऊ.

ऑटो वारबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं की गाठीच्या पेशी साखर भसाभस खातात आणि प्राणवायू असतानाही ती पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रयोगशाळेत वाय-७९ नावाच्या पेशी वाढवायचो. १९७० च्या दशकात एका मुलीच्या रेटिनोब्लास्टोमातून काढलेल्या, आजही जगभर वापरात असलेल्या. त्या बाटलीच्या तळाला चिकटत नाहीत, द्राक्षाच्या घडासारखे पुंजके करून तरंगतात. ज्या पाण्यात त्या ठेवतात, त्याचा रंग पातळ कोकम सरबतासारखा असतो. शनिवारी ताजं पाणी घालून गेलं की सोमवारी बाटली पिवळी पडलेली असायची. साखर संपली, आम्ल वाढलं, म्हणून रंग बदलला. ती पिवळी बाटली हातात घेतली की कुणालाही वाटेल, हिची साखर तोडली की झालं.

टू-डीजी म्हणजे टू-डिऑक्सी-डी-ग्लुकोज, साखरेचाच तोतया. खऱ्या ग्लुकोजपेक्षा त्यात फक्त एक प्राणवायूचा अणू कमी असतो. पेशीचा दरवाजा त्याला ग्लुकोज समजून आत घेतो, पहिलं एन्झाइम त्याच्यावर शिक्काही मारतं, पण पुढच्या पायरीवर ते अडकतं. पुढे सरकत नाही, मागेही जात नाही. करूळ घाटात एखादा ट्रक आडवा झाला की मागच्या गाड्या जशा तुंबतात, तशी खरी साखर मागे तुंबते.

२००८ च्या सुमारास अमेरिकेत मायामीच्या बास्कम पामर नेत्रसंस्थेतल्या गटाने हे औषध रेटिनोब्लास्टोमाच्या उंदरांवर वापरलं. त्यामागचा विचार मला फार आवडतो. मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्त नीट पोचत नाही, तिथे प्राणवायू कमी असतो. तिथल्या पेशी सावकाश वाढतात, आणि केमोची नेहमीची औषधं भरभर वाढणाऱ्या पेशींवरच जास्त चालतात. म्हणून बाहेरचा थर मरतो आणि गाभा तग धरतो. पण प्राणवायू नसल्यामुळे त्या गाभ्याला साखरेशिवाय दुसरा आधारच नसतो. बाहेरच्या पेशी चरबी किंवा प्रथिनं जाळून निभावू शकतात, आतल्यांना ते जमत नाही. तेव्हा बाहेरच्यांना कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध आणि आतल्यांना टू-डीजी, अशी दुहेरी चढाई. औषध डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली टोचलं होतं. गाठी लहान झाल्या, प्राणवायू नसलेला भाग घटला, आणि दोन्ही औषधं मिळून एकेकट्यापेक्षा जास्त परिणाम दिसला.

इथपर्यंत तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. आता उंदीर आणि तुमची भाची यांच्यामधलं अंतर बघा.

त्या उंदरांची गाठ मुलांसारखी झालेली नसते. त्यांच्यात एका विषाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यापासून बनणारं प्रथिन पेशीचा ब्रेक निकामी करतं. मुलांमध्ये तेराव्या गुणसूत्रावरचं आरबी-१ हे जनुक बिघडतं. एका पेशीत त्याच्या दोन्ही प्रती गेल्या की गाठ सुरू होते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी अवघ्या ४८ मुलांच्या नोंदींवरून हे ताडलं, तेव्हा ते जनुक कुणी पाहिलंही नव्हतं. दोन्हीकडे गाठ दिसायला सारखी असली, तरी मूळ वेगळं आहे.

दुसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. ज्या वारबर्गने गाठीची साखरेची भूक दाखवली, त्यानेच असंही नोंदवलं की निरोगी रेटिना अगदी तसंच वागते. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज स्वतःचा काही भाग झाडतात आणि नवा बांधतात, त्यासाठी त्यांना साखर प्रचंड लागते. म्हणजे साखरेची कोंडी करणारं औषध डोळ्यात सोडलं, तर गाठ आणि नजर दोघांचाही घास एकाच वेळी अडतो. किती मात्रेत गाठ मरेल आणि पडदा वाचेल, हे अडीच वर्षांच्या मुलात ठरवलेलं नाही. डोळ्याभोवती टोचलेल्या कार्बोप्लॅटिनचा अनुभव आपल्यासमोर आहे. तेही आशेने वापरलं गेलं, आणि काही मुलांत डोळ्याभोवतीची चरबी आक्रसली, काहींच्या नसेला इजा झाली.

आणि तुमची पुडी. ती पाण्यात विरघळवून प्यायची. पोटातून, रक्तातून, सगळ्या अंगभर फिरून डोळ्यात पोचेल तेवढीच. उंदरांना थेट डोळ्यापाशी टोचलं होतं, या दोन गोष्टी एक नाहीत. भारतात टू-डीजीवर जुनं काम आहे. दिल्लीच्या इन्मास संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या गाठींसाठी रेडिएशनच्या जोडीने ते माणसांवर तपासलं. मे २०२१ मध्ये कोविडसाठी त्याला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तीही मोठ्या माणसांसाठी, इस्पितळात, मध्यम ते गंभीर आजारी असलेल्यांसाठी, बाकीच्या उपचारांच्या जोडीने. लहान मुलाच्या डोळ्यातल्या गाठीसाठी त्यातलं काहीच लागू होत नाही. शिवाय हे औषध मेंदूच्याही साखरेच्या वाटेत येतं, आणि अडीच वर्षांच्या मुलीचा मेंदू अंगाच्या मानाने फार मोठा असतो.

आता भात बंद करण्याबद्दल. मी बाटलीचं सांगितलं, म्हणून तुम्हाला वाटेल की आहार बदलून तेच साधेल. तसं होत नाही. बाटलीतली साखर संपते, रक्तातली संपू दिली जात नाही. पोरीने साखर खाल्ली नाही तर तिचं लिव्हर साठ्यातून साखर काढतं, साठा संपला की स्नायू मोडून बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, झिजते ती पोरगी. मोठ्या माणसाचा साठा बराच वेळ पुरतो, एवढ्याशा मुलाचा लवकर संपतो. साखर उतरली की मूल गळून जातं, घाम येतो, कधी झटके येतात. तिला आता भूल द्यायची आहे, त्याआधी काही तास उपाशी ठेवतील. त्यात आधीच दहा दिवस अर्धपोटी. भूलतज्ज्ञांना हे दहा दिवसांचं नक्की सांगा, लपवू नका, कुणी रागावणार नाही. आणि तोवर पेज, नाचणीचं सत्त्व, आंबोळी, अंडं, चालत असेल तर माशाचं कालवण, शहाळं, जे ती आवडीने खाईल ते द्या. पुढे केमो लागलीच, तर अन्न ताजं शिजवलेलं आणि पाणी उकळलेलं, एवढं पथ्य पाळा.

घरात आणखी दोन गोष्टी निघतील म्हणून आत्ताच लिहिते. एक म्हणजे ड जीवनसत्त्व. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डॅनियल अल्बर्ट यांच्या गटाने बरीच वर्षं ड जीवनसत्त्व आणि त्याच्यासारखी रसायनं याच गाठीच्या उंदरांवर तपासली. गाठी लहान झाल्या, हे खरं. पण परिणाम दिसण्याइतकी मात्रा दिली की रक्तातलं कॅल्शियम चढायचं आणि उंदीर दगावायचे. म्हणून त्यांनी कॅल्शियम न चढवणारे प्रकार शोधायला घेतले. आपल्याकडे साठ हजार युनिटच्या पुड्या सहज मिळतात, त्या कुणाच्या सांगण्यावरून पोरीला रोज देऊ नका, मूत्रपिंडं जातील. दुसरी गोष्ट हळद. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात हळदीतल्या कुर्कुमिनचा वाय-७९ पेशींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालाय. पण तो बाटलीतल्या पेशींवर. प्यायलेल्या हळदीतलं कुर्कुमिन रक्तात फारच थोडं उतरतं. हळदीचं दूध द्या, चांगलंच आहे. डोळ्यात मात्र हळद, मध, कुठल्याही पाल्याचा रस, काही म्हणजे काही घालू नका.

मी एवढी घाई का करतेय, त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या आठवड्यात एक आई मोबाइल घेऊन आली. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आरतीच्या वेळी फ्लॅश मारून फोटो काढले होते. सगळ्यांच्या डोळ्यांत लाल ठिपके, तिच्या दीड वर्षाच्या मुलाच्या एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरा. आजी म्हणाली, “बाई, माका आदीच दिसलला. नातवाचो डोळो रातचो मांजरासारको चमकता.” मी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिलं, गाठ होती, पण सगळी डोळ्याच्या आत. त्याच आठवड्यात मुंबईला पाठवलं. ते लोक गेले नाहीत. कुणीतरी पथ्याचा इलाज सांगितला, गोड बंद, मीठ बंद, तीन महिने. शिमग्याच्या आधी परत आले तेव्हा डोळा बाहेर आलेला होता. गाठ नसेतून मागे सरकली होती. त्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही. ते आईबाप अडाणी नव्हते, निष्काळजी तर अजिबात नव्हते. डोळा काढा, हे शब्द त्यांना सहन झाले नाहीत, एवढंच. म्हणून मी तुमच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर लिहितेय.

गाठ डोळ्याच्या आत असताना चांगल्या केंद्रात उपचार झाले, तर शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं जगतात. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये इतका चांगला आकडा फार थोड्या आजारांत आहे. ती डोळ्याच्या मागे गेली की हे गणितच बदलतं, आणि ती कधी जाईल हे महिनाभर आधी कुणालाही कळत नाही. सुई घालून तुकडा तपासू, असं कुणी म्हणालं तर त्यालाही ठाम नकार द्या, सुईच्या वाटेने पेशी बाहेर येऊ शकतात.

ऑपरेशनबद्दलची भीती बरीचशी न पाहिल्यामुळे असते. डोळा काढताना मागची नस शक्य तितकी लांब घेऊन कापतात, मग त्या जागी एक छोटा गोळा बसवून वर डोळ्याचे स्नायू जोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल वॉर्डात पळत असतं, हे मी नेहमी पाहिलंय. सुमारे दीड महिन्याने रंग जुळवलेला कृत्रिम डोळा बसतो. नीट बनवलेला असेल तर शाळेतल्या मुलांना कळतही नाही. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या रक्षणासाठी पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम घालायचा, हे आत्ताच मनाशी ठरवा. काढलेला डोळा पॅथॉलॉजीला जातो. नसेच्या कापलेल्या टोकात आणि डोळ्याच्या मागच्या थरात पेशी आहेत की नाहीत, त्यावरून केमो लागेल का ते ठरतं. हा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय गावी परतू नका.

तुमच्या घरातल्या वाचणाऱ्या माणसाला एक काम देते. या गाठीतून सुईने तुकडा काढता येत नाही, म्हणूनच तिच्या चयापचयावरचं संशोधन इतकं सावकाश चाललंय. खरी मानवी गाठ संशोधकांच्या हाती येते ती बहुतेक काढलेल्या डोळ्यातूनच. २०१७ पासून डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्याच्या थेंबात गाठीचा डीएनए सापडतो, असं लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी दाखवलंय, त्याने काही वाटा उघडतील. पण आज तुमच्या भाचीचा काढलेला डोळा हाच कुणाच्या तरी पुढच्या औषधाचा आधार असू शकतो. इस्पितळात संशोधनासाठी नमुना ठेवायचा संमतीचा कागद पुढे केला, तर वाचा, शंका विचारा आणि मन होत असेल तर सही करा. आणि या आजारावर भारतात नव्या औषधाची चाचणी चालू आहे का, हे बघायचं असेल तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर आजाराचं नाव घालून शोधा. २००९ पासून इथली प्रत्येक औषध-चाचणी तिथे नोंदवावी लागते. तिथे नोंद नसलेलं, पैसे घेऊन दिलेलं ‘नवं औषध’ म्हणजे चाचणी नव्हे.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या विभागाला इम्पॅक्ट फाउंडेशनचा आधार असतो, आणि मुंबईत राहायची सोय नसेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सबद्दल तिथल्या समाजसेवकांना विचारा.

म्हणजे आता करायचं ते इतकंच. ठरलेल्या तारखेला जायचं, पुडी शोधायची नाही, भात सुरू करायचा, आणि डॉक्टरांना विचारायचं: दुसरा डोळा पूर्ण तपासला का, एमआरआयमध्ये नस कशी आहे, आरबी-१ची रक्ततपासणी कधी करायची.

ही शेवटची तपासणी मला त्या पाच महिन्यांच्या भावासाठी हवीय. गाठ एकाच डोळ्यात असली तरी साधारण सातातल्या एका मुलात जनुकातला दोष जन्मापासून अंगभर असतो, आणि मग भावंडांनाही धोका असू शकतो. तिच्या रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर थांबू नका. मुंबईला जाताना त्यालाही कुशीत घेऊन जा आणि त्याच दिवशी बाहुल्या मोठ्या करून त्याचे दोन्ही डोळे तपासून घ्या. त्याच्या डोळ्यात काही असलंच, तर या वयात ते इतकं बारीक असतं की नुसत्या लेसरवर भागू शकतं. त्याची तपासणी झाली की काय निघालं ते मला कळवा.